मासळीविना मासळीची वांगी

वांग्यात मासळीची चव उतरावी, हे नाशिक जिल्ह्यातल्या पेठमध्ये कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पावसाळ्यात भाजी महागली की आठवडे बाजारातली सुकट कामाला येते. वांग्याच्या फोडी, मूठभर सुकट, मिरची-लसणाचं वाटण, खुरासणीचं तेल आणि नागलीची भाकरी. वलसाडचा किनारा घाटाखालीच. मासळी वाळून का होईना, वर चढते.

चीनच्या सिचुआन प्रांताची अडचण मोठी. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथल्या लोकांनी मासळीला लावायचा मसाला (खारवलेली लाल मिरची, आलं, लसूण, व्हिनेगर, साखर) सरळ वांग्यालाच लावला, जोडीला डुकराचा खिमा घातला आणि नाव ठेवलं मासळीच्या वासाची वांगी. मासळी आहे ती फक्त नावाला.

हा पदार्थ घरी करायचा म्हटल्यावर अडलं ते खिम्यापाशी. पेठकडे डुक्कर म्हणजे रानडुक्कर. रात्रीतून नागलीचं शेत उधळून जातं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यामुळे सकाळी त्याला नुसत्या शिव्या घालता येतात. म्हणून खिमा नाशिकहून आणला, बर्फात घालून, एसटीने. शेजारच्या काकांनी मांडीवरच्या गार पिशवीची चौकशी केली. ‘मटण,’ मी म्हणालो. ‘कशाचं?’ हा पुढचा प्रश्न सावळघाटाच्या वळणांनी परस्पर मिटवला.

मी घरात पाऊल टाकण्याआधीच आत्याने अटी सांगितल्या: चूल अंगणात, कढई वेगळी, आणि ती कढई पुन्हा तिच्या मांडणीवर दिसता कामा नये.

वांग्याचा स्वभाव मात्र चिनी झाल्याने बदलत नाही. तेल दिसलं की ते पिणारच. मीठ लावून पाणी काढलं, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलं, तेव्हा कुठे जरा आवरलं. तळलेल्या फोडी बाजूला काढून त्याच कढईत खिमा परतला, चरबी सुटल्यावर मिरची-आलं-लसूण, मग सोया सॉस, व्हिनेगर, साखर. फोडी परत आत, शेवटी कांद्याची पात.

पात चिरताना वांग बाओ आठवला. (आडनाव खरोखरच वांग.) या सिचुआनी माणसाने इसवी सनापूर्वी 59 मध्ये एका गुलामाचा गमतीदार करारनामा लिहिला. त्यातल्या न संपणाऱ्या कामांच्या यादीत वांग्याची रोपं लावणं आहे आणि कांद्याची पात विरळ करणंही. चिनी लिखाणातला वांग्याचा हा सर्वांत जुना उल्लेख मानतात. वांग्याचं मूळ आपल्याच बाजूचं, त्यामुळे मला उगाच अभिमान वाटला. मिरचीबद्दल तसं काही म्हणता येईना. ती अमेरिकेतून आली, त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही.

आत्याने लांबूनच वास घेतला. ‘सुकटीसारखा येतोय रे,’ म्हणाली, आणि एक फोड, खिमा झटकून, भाकरीवर घेतली. मग दुसरी घेतली. तेव्हा झटकायला विसरली.

भाचा मात्र ताटाकडे बघत बसला होता. स्टँडबाहेरच्या गाडीवरचं मंचुरियन खाऊन त्याची चायनीजबद्दलची मतं पक्की झालेली. सांगतात की ते मंचुरियन नेल्सन वाँग यांनी 1975 साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये पहिल्यांदा केलं.

‘मामा, हे चायनीज नाहीये,’ तो म्हणाला.

‘अरे, थेट सिचुआनचं आहे!’

‘मग शेजवान कुठाय?’

आणि उठून फ्रिजमधली लाल बाटली घेऊन आला.