केळवणाला माचा

केळवण करणाऱ्याने नवऱ्या मुलीला "तुला काय हवं?" असं विचारावं, हा आपल्याकडचा नियम. आणि तिने "काहीही चालेल गं मामी" म्हणावं, हा त्याहून जुना नियम. या दोन नियमांच्या भरवशावर कित्येक पिढ्यांची केळवणं श्रीखंड-पुरी, मसालेभात आणि मठ्ठ्यावर निर्धोक पार पडली. आमच्या भाचीने दुसरा नियम मोडला. तिने उत्तर दिलं. "मामी, जेवायला तू काहीही कर. पण प्यायला आइस्ड माचा हवा. थरांचा. खाली आंबा, मध्ये दूध, वर माचा."

बायकोने निमूटपणे फोन माझ्या हातात दिला. आमच्या स्वयंपाकघरात मी आजवर बिनखात्याचा मंत्री होतो. शपथविधी झालेला, खुर्ची मिळालेली, पण फाइल एकही नाही. त्या दिवशी मला खातं मिळालं.

आईने विचारलं, "कसली रे ती हिरवी पूड? कडुनिंबाची? पाडवा तर होऊन गेला." मी म्हटलं, चहाची. "चहाची पूड हिरवी?" असं म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पुण्यात मे महिना चालू होता, त्यामुळे तिची शंका रास्त होती.

तीस ग्रॅमचा डबा आला. त्याची किंमत बायकोला सांगण्याआधी मी तो कसा बनतो ते सांगितलं. ही पद्धत मी सर्व नवऱ्यांना सुचवेन. क्योटोजवळच्या उजीला किंवा आइची प्रांतातल्या निशिओला खुडणीच्या आधी तीनेक आठवडे चहाचे मळे आच्छादनाखाली झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं, थिआनिन हा चव देणारा घटक टिकून राहतो आणि तुरटपणा कमी होतो. मग पानं वाफवायची, न वळता सुकवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या. जे उरतं त्याला तेन्चा म्हणतात. ते ग्रॅनाइटच्या जात्यावर दळायचं, तेही सावकाश, कारण जातं तापलं की सुगंध गेला. एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड निघते.

बायकोचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे. "म्हणजे हा डबा पाऊण तासाचा. आपला गिरणीवाला पाऊण तासात अख्ख्या सोसायटीचे गहू दळतो आणि वर दोन घरांतली भांडणंही सांगतो." मग तिने किंमत विचारली. मी सांगितली. त्यानंतर पाऊण तास कोणीच काही बोललं नाही.

मला वाचवलं ते टंचाईने. २०२४ च्या शरदात जगभरातून माचाला इतकी मागणी आली, की क्योटोतल्या जुन्या नामांकित पेढ्यांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली. हे ऐकताच आईचं मत एकदम पालटलं. रॉकेल आणि साखरेच्या रांगेत उभी राहिलेली पिढी ती. ज्या वस्तूला रेशनिंग लागतं ती चांगलीच असणार, यावर तिची श्रद्धा आहे. डब्यावर 'सेरिमोनियल ग्रेड' असंही छापलेलं होतं. अशी कायदेशीर प्रतवारी खुद्द जपानात नाही, ती बाहेरच्या बाजाराने काढलेली युक्ती आहे, हे मला ठाऊक होतं. पण घरात शांतता नुकतीच नांदू लागली होती, म्हणून ते ज्ञान मी स्वतःपुरतंच ठेवलं.

मंत्र्याला खातं मिळालं की तो आधी परदेशी अभ्यासदौऱ्यावर जातो. मी वाचनावर भागवलं. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून जपानला परतला तो चहाचं बी घेऊन. ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये म्हणून हे पेय मठांत रुळलं. पुढे १२१४ मध्ये तरुण शोगुन सानेतोमो आदल्या रात्रीच्या दारूने बेजार झाला, तेव्हा एइसाईने त्याला चहा पाजला आणि सोबत चहाचे गुण वर्णन करणारं स्वतःचं पुस्तकही दिलं. डोकं दुखणाऱ्या माणसाला औषधाबरोबर स्वतःचं पुस्तक वाचायला देणारा हा गृहस्थ सदाशिव पेठेत जन्मला असता तरी कोणाला नवल वाटलं नसतं.

मग सोळाव्या शतकातला सेन नो रिक्यू. चहाच्या विधीला साधेपणाचं वळण लावणारा हा माणूस. दोन चटयांची खोली आणि दार इतकं बुटकं, की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरपटत आत यावं लागे. त्याचा धनी हिदेयोशी मात्र सोन्याने मढवलेली चहाची खोली बाळगून होता. दोघांचं जमेपर्यंत जमलं आणि १५९१ मध्ये हिदेयोशीने त्याला पोट चिरून मरण्याची आज्ञा दिली. कारणं अनेक सांगतात. त्यातलं एक असं, की क्योटोच्या दाइतोकुजी मंदिराच्या दुमजली दरवाजात वरच्या बाजूला रिक्यूचा पुतळा बसवला होता. म्हणजे खालून जाणाऱ्या हिदेयोशीच्या डोक्यावर रिक्यूचे पाय!

हे वाचलं आणि जपान मला एकदम सोयरा देश वाटू लागला. माझ्या लग्नात आत्याला पहिल्या पंगतीऐवजी दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं होतं. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. कोणाला पोट चिरायला लावलं नाही इतकंच.

अभ्यासदौरा आटोपून मी कामाला लागलो. माचा घुसळायला जपानात चासेन वापरतात. नाराजवळच्या ताकायामा गावातले कारागीर बांबूचा एकच तुकडा चिरून त्याच्या ८०, १००, १२० अशा नाजूक काड्या करतात. मी चासेन मागवायचा विषय काढताच बायको म्हणाली, "आईंची रवी आहे की." रवी दोन तळव्यांत गोल फिरते. चासेन मनगटातून पुढे-मागे भराभर चालवावा लागतो. रवीने लोणी निघतं, चासेनने फेस येतो. हे सगळं मी समजावून सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकलं आणि लोणच्याची रिकामी बरणी माझ्यापुढे ठेवली. "यात घाल, झाकण लाव आणि हलव." दुर्दैवाने ही पद्धत उत्तम चालते.

त्याआधी पूड चाळण्यावरून एक परिषद झाली. माचा इतका बारीक असतो की कण एकमेकांना बिलगून गुठळ्या धरतात. न चाळता पाण्यात टाकला तर त्या गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. आईचे वडील वैद्य होते. तिने तत्काळ मलमलीचं फडकं काढलं. चूर्ण वस्त्रगाळच हवं! पण फडक्याला चिकटून राहणारी पूड ही जात्याची किती मिनिटं, हा हिशेब बायकोने तोंडी केला आणि वाद चहाच्या बारीक गाळणीवर मिटला. बाकी कृती सोपी आहे. पेलाभर पेयाला २ ग्रॅम पूड पुरते. पाणी उकळतं नको, ८० अंशांच्या आसपास हवं, नाहीतर कडू होतं. आधी थोड्या गरम पाण्यात पूड घोटून घ्यायची, मग गार पाणी, मग बरणी. थेट बर्फाच्या पाण्यात टाकली तर ती नुसती वर तरंगत बसते. दुधावरची साय मात्र दोनदा गाळून काढावी लागते. म्हशीच्या दुधाच्या घरात माचा बनवणाऱ्यांना ही सूचना कोणी देत नाही.

एवढं सगळं करून पहिला ग्लास तयार झाला. तळाशी हापूसचा रस, त्यावर बर्फ आणि गोड केलेलं दूध, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेला माचा. सुरेख दिसत होता. भाचीने फोटोसाठी फोन काढला. आणि तेवढ्यात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आमचे थोरले काका पुढे झाले.

"हिरवा वर?"

ग्लासकडे सगळ्यांनी नव्याने पाहिलं. वर हिरवा, मध्ये पांढरा, खाली केशरी.

"भारतीय ध्वजसंहिता, २००२," काका म्हणाले. "केशरी खाली चालत नाही."

मी त्यांना घनता समजावून सांगितली. आमरस सगळ्यात जड, म्हणून तो तळाशी. साखर घातलेलं दूध त्याहून हलकं. माचा जवळपास पाणीच, म्हणून तो सगळ्यांच्या वर. यात माझा काही हेतू नाही, भौतिकशास्त्र आहे. "हेतू सगळेच नाकारतात," काका म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं खुलासे वाचले होते. शेवटी भाचीने लांब चमचा घातला आणि ग्लास ढवळून टाकला. जो रंग झाला तो जगातल्या कुठल्याच राष्ट्राने अजून निवडलेला नाही. काकांनी तो निरखला, "आता हरकत नाही" म्हणून शेरा मारला आणि प्यायले.

इतरांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. माचा पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि थोड्या वेळाने तळाशी बसतो. म्हणजे मठ्ठ्यासारखा सकाळी पातेलंभर करून फ्रिजमध्ये ढकलता येत नाही. एक पाहुणा, एक ग्लास, एक बरणी. मी ओट्यापाशी उभा राहून बरणी हलवतोय आणि दारात रांग. जपानात दाट माचाचा एक प्रकार असतो, कोइचा. तो एकाच वाडग्यातून पाहुणे एकामागून एक पितात, प्रत्येक जण काठ पुसून पुढच्याला देतो. वेळ वाचावा म्हणून मी ही माहिती दिली. "उष्टं?" असा एकच शब्द तीन वेगवेगळ्या आत्यांच्या तोंडून एकाच वेळी निघाला. मी पुन्हा बरणी हातात घेतली.

पहिला घोट घेतल्यावर बहुतेकांचे चेहरे बारशाला विहिणीने सुचवलेलं नाव ऐकल्यासारखे झाले. "वेगळं आहे," असं म्हणाले. मराठीत यापेक्षा कठोर टीका नाही. तेव्हा आईने डबा उघडून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. उन्हातून आलेल्याला आधी गूळ, मग पाणी, या सवयीने तिने ते केलं होतं. जपानी यजमानही नेमकं हेच करतो. आधी गोड मिठाई देतो आणि ती संपल्यावर माचा, म्हणजे कडवटपणा जिभेवर नीट उतरतो. गुळानंतर रांगेतल्या लोकांनी दुसरा ग्लास मागितला. माझा सगळा अभ्यासदौरा आईने एका खड्यात गुंडाळला.

भाचीला नाव घेण्याचा आग्रह झाला. तिने ग्लास उंचावला:

आंब्यावर दूध, दुधावर माचा,
…रावांचं नाव घेते, मान राखून सर्वांचा.

टाळ्या पडल्या. पानं मांडली गेली. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, सगळं रीतसर झालं. आणि मग जे घडलं ते माझ्या वाचनात कुठेच नव्हतं.

केळवणाच्या जेवणानंतर वामकुक्षी हा घराचा मूलभूत हक्क आहे. सतरंज्या पसरल्या गेल्या, पडदे ओढले गेले, पंखे पाचावर गेले. लोक आडवे झाले. आणि छताकडे पाहत राहिले. २ ग्रॅम माचात साधारण साठेक मिलिग्रॅम कॅफिन असतं. बऱ्याच जणांनी दोन-दोन ग्लास घेतले होते. एइसाईच्या भिक्षूंना ध्यानात जागं ठेवणारं पेय आता पुण्यातल्या दिवाणखान्यात भर दुपारी अडीच वाजता एका मराठी कुटुंबाला जागं ठेवत होतं.

आमची घरं टिकून आहेत ती या झोपेवर. कुठलाही कौटुंबिक विषय दुपारी दोनच्या आत संपत नाही आणि मग झोप लागते. उठल्यावर चहा होतो आणि लोक आपापल्या घरी जातात. विषय तसाच राहतो, पण नातीही राहतात. त्या दिवशी ही सोय नव्हती. अंधारातून आत्याचा आवाज आला, "या लग्नात तरी पहिल्या पंगतीला कोण बसणार, ते एकदा लिहून काढा." दिवा लागला. वही आली.

गंमत अशी की भांडण झालं नाही. थिआनिनमुळे माणूस जागा पण शांत राहतो म्हणतात. त्यात तथ्य असावं. पंगतीचा क्रम ठरला. आहेर घ्यायचा की नाही, हा दोन महिने लोंबकळलेला प्रश्न सुटला. विहीणबाईंच्या साडीचा रंग ठरला. आत्याने स्वतःच्या तोंडाने "त्या वेळी गर्दीच फार होती रे" असं म्हटलं आणि माझ्या लग्नाची फाइल अखेर बंद झाली. काकांनी सगळ्याचं इतिवृत्त लिहून त्यावर सह्या घेतल्या.

उघडलेला डबा हवेने लवकर उतरतो. रंग जातो, वास जातो, म्हणून महिन्याभरात संपवावा लागतो. बायकोने तो घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये अशा जागी ठेवला आहे जिथे माझा हात सहज जात नाही. लग्नाला थोडेच दिवस उरले आहेत. हॉलवाला, केटरर आणि व्याही, तिघांशी पैशांचं बोलणं बाकी आहे. तिन्ही बैठका तिने आमच्याकडेच ठेवल्या आहेत. जेवूनच या, असा आग्रह आहे. वेळ दुपारी अडीच.