साबणाचा वांधा

हुशारीने खरेदी कशी करावी हे सांगणाऱ्यांचं सध्या पेव फुटलं आहे. यादी करून जा, उपाशीपोटी जाऊ नका, माल हाताळून बघा, चार ठिकाणी भाव काढा, पहिल्या भावाला मान डोलावू नका. या सल्लागारांनी एकदा नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर विंचूरला उतरावं. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार तिथे आहे आणि हा सगळा अभ्यासक्रम तिथे कांद्याच्या लिलावाच्या सकाळी चहा निवायच्या आत शिकवून होतो.

शिकवतो अर्थातच व्यापारी. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तो न्याहारी करून आलेला असतो. ट्रॉलीच्या फाळक्यावरून हात घालून तो चार कांदे वर काढतो, दाबून बघतो, पत्ती बघतो, रंग बघतो. मग नजर पुढच्या ट्रॉलीवर ठेवून हातातल्या ट्रॉलीचा भाव बोलतो. घाई त्याला नसते. घाई कांद्याला असते, कारण तो सडतो; आणि कांदेवाल्याला असते, कारण ट्रॅक्टर भाड्याचा असतो.

बोली फुटल्यावरही व्यापाऱ्याला मन बदलायची सोय आहे. ट्रॉली खळ्यावर खाली होताना तळातून गोल्टी म्हणजे बारका कांदा, किंवा डागी माल निघाला की ‘वांधा’ पडतो. मग भाव कमी करा, नाहीतर माल घेऊन जा. हे वांधे इतके नेमाचे, की बाजार समित्यांना ते मिटवायला कमिट्या नेमाव्या लागतात. खरेदीनंतरचं समाधान म्हणतात ते हेच असावं.

दुपारी तोच कांदेवाला पैसे खिशात घालून किराणा दुकानात शिरतो आणि सकाळचा सगळा धडा उंबऱ्याबाहेर ठेवतो. साबण तो दाबून बघत नाही, तेलाची पिशवी फोडून वास घेत नाही, चहापत्तीच्या पुड्याच्या तळाशी काय आहे हे विचारत नाही. पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. कमाल म्हणजे ‘याच्या वर घेऊ नये’; खाली उतरायला कायद्याची काहीच हरकत नाही. पण गिऱ्हाईक तो शब्द ‘वा, कमाल आहे’ अशा अर्थाने वाचतं आणि मुकाट्याने पैसे मोजतं.

गंमत म्हणजे वांधा काढायचा हक्क त्यालाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे. तरीही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यावर देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेली असते आणि लोक दोन्हींकडे सारख्याच श्रद्धेने बघतात.

मोठा पुडा घ्या, स्वस्त पडतो, हा आणखी एक लाडका सल्ला. शॅम्पूच्या बाबतीत तो बऱ्याचदा तोंडघशी पाडतो. एक रुपयाच्या पुडीतले मिलिलिटर मोजून बाटलीशी ताडून बघावेत. अनेकदा बाटलीवाला शहाणा हरतो आणि रोजंदारीवरची बाई जिंकते. हा हिशेब सोपा व्हावा म्हणून सरकारने पुड्यावर एकक विक्री किंमत छापायचा नियम केला. एक किलोच्या आतल्या मालावर दर ग्रॅमचा भाव, तोही रुपयात आणि दोन दशांश स्थळांपर्यंत.

हा नियम कांद्याला लावून बघण्यासारखा आहे. 2018 च्या नोव्हेंबरात विंचूरपासून जवळच्याच नैताळे गावच्या शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. त्याने ती रक्कम पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवली आणि वर मनीऑर्डरचे 54 रुपये स्वतःच्या खिशातून भरले. किलोला साधारण 1 रुपया 40 पैसे. आता हाच कांदा अर्ध्या किलोच्या पिशवीत भरून, त्याच भावाने, नियमानुसार किंमत छापायची ठरली तर पिशवीवर येईल: 0.00 रुपये प्रति ग्रॅम. एवढी पारदर्शक किंमत कुठल्याच साबणाला साधलेली नाही.

व्यापाऱ्याची विद्या गिऱ्हाइकांना येतच नाही असं मात्र नाही. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, माल एकगठ्ठा येतो आणि एखाद्या सभासदाच्या घरी वाटून घेतला जातो. इथे यादी खरंच यादी राहते, कारण समोर चॉकलेटची बरणी नसते. पण यासाठी महिनाभर आधी गरज ठरवावी लागते. विंचूरसारख्या गावात पुढच्या महिन्याची गरज पुढच्या महिन्याच्या कांद्याच्या भावावर, आणि तो भाव दिल्लीच्या मनावर. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क आलं, डिसेंबरात बंदीच आली, मे 2024 मध्ये बंदी उठली, एप्रिल 2025 मध्ये शुल्कही गेलं. अशा घरात यादी पेन्सिलीने लिहितात.

मग शहाणपण खर्च करायचं कुठे? आठवडे बाजारात. जमिनीवर पोतं अंथरून बसलेल्या कोथिंबीरवालीपुढे सगळे सल्ले एकदम आठवतात. जुडी उलटीपालटी केली जाते, देठ मोडून बघितले जातात, ‘पलीकडं पंधराला देतात’ असं ठणकावलं जातं, दोन पावलं पुढे जाऊन परत वळलं जातं. वर दोन मिरच्या फुकट. वीसची जुडी पंधराला पटते आणि गिऱ्हाईक दिवसभर खुशीत असतं.

दिवेलागणीला कोथिंबीरवाली पोतं झटकून उठते. घरी जाताना त्याच किराणा दुकानाच्या पायरीवर थांबते, शॅम्पूच्या पाच पुड्या मागते आणि छापील भावाने पाच रुपये मोजून देते.