आधी बंदी, मग बरणी
लोकांचं गाणं थांबवायला नुसती बंदी हा जुनाट उपाय झाला. त्यात बदनामी फार. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कारभाऱ्यांची रीत अधिक सभ्य आहे: आधी बंदी घालायची, मग उरलंसुरलं बरणीत भरून वर ‘वारसा’ अशी चिठ्ठी डकवायची. तिथल्या उइगूरांची मेश्रेप म्हणजे नुसतं नाचगाणं नव्हे. दुतार छेडली जाते, दफ घुमतो, पण बैठक चालवतो तो ‘यिगित बेशी’, म्हणजे तरुणांचा म्होरक्या. कुणी पिऊन धिंगाणा घातला की भर बैठकीत त्याची झाडाझडती, आणि शिक्षा अशी की सगळ्यांची हसून मुरकुंडी वळावी. १९९० च्या दशकात शिनजियांगमधल्याच गुल्जा शहरातल्या पोरांनी दारू आणि गर्द हटवायला हीच रीत पुन्हा उभी केली. १९९५ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. परवानगीशिवाय लोक सुधारू लागले तर कारभार चालायचा कसा?

पुढे २०१० मध्ये चीनच्याच अर्जावरून मेश्रेप युनेस्कोच्या ‘तातडीने जपायच्या’ यादीत दाखल झाली. ही बैठक न्यायालयही आहे आणि शाळाही, असं ती नोंदच सांगते. जाणकार घटल्याची हळहळ तिथे आहे, दोष शहरीकरणाला आणि स्थलांतराला आहे. १९९५ सालाला मात्र कारणांच्या रांगेत उभं राहायला जागा मिळाली नाही. आता मंचावर एकसारख्या झगमगत्या पोशाखात मेश्रेप सादर होते. न्यायालय आहे, फक्त निवाडा करायचा नाही. शाळा आहे, फक्त अभ्यासक्रम सरकारचा.

यावर कुणी म्हणेल, सरकार नसतं तर उइगूरांच्या अभिजात संगीताचे बारा मुकाम तरी वाचले असते का? रास्त आहे. १९५० च्या दशकात तुर्दी आखुन या वृद्ध उस्तादाचं गाणं सरकारी पुढाकारानेच ध्वनिमुद्रित झालं, आणि ते झालं नसतं तर बरंच काही त्यांच्याबरोबर गेलं असतं. पण ध्वनिफितीला गाणं पुरतं. मेश्रेपला माणसं लागतात, आपल्या मर्जीने जमलेली, आणि धाक नेमका त्या जमण्याचाच आहे. माणसांच्या जपणुकीचा हिशेबही बघा. उइगूर लोकपरंपरा गावोगाव फिरून नोंदवणाऱ्या प्रा. राहिले दावुत यांच्या संशोधनाला चीनच्या संस्कृती मंत्रालयाने अनुदान दिलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं. जाणकार घटताहेत ही तक्रार सरकारला आता अगदी जवळच्या माहितीवरून करता येईल.