एकास बहात्तर

आमच्या साडूंच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहाचा कप हातात पडण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो. तो काचेच्या कपाटाकडे बघतो, आतली वीतवीतभर लांबीची विमानं बघतो आणि म्हणतो, "वा! ही उडतात का हो?"

बडा ख्याल संपवून गवयाने पाण्याचा पेला उचलावा आणि समोरच्याने "हं, आता गा काहीतरी" म्हणावं, तसा साडूंचा चेहरा होतो.

"नाही," ते म्हणतात.

"मग?" पाहुणा म्हणतो.

या "मग?"ला साडूंना गेल्या तीस वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.

विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांची जात वेगळी. ते रविवारी मैदानावर जातात, रिमोट हातात घेऊन ऊन खातात, विमान झाडावर अडकवतात आणि घरी येतात. साडूंची जात घरात बसणारी. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग काढायचे, कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी जे उभं राहील ते कपाटात ठेवून कुलूप लावायचं. या पंथाचं दैवत एक अपूर्णांक आहे. एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या लोकांना शत्रूची विमानं ओळखायला शिकवलं ते याच मापाच्या काळ्या नमुन्यांवर. पुढे १९५० च्या दशकात एअरफिक्स कंपनीने त्याच मापाचं स्पिटफायर विमान प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकायला काढलं आणि रोग पसरला. साडूंना तो नवव्या वर्षी जडला. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने पोराला काहीतरी आणावं म्हणून एक पिशवी आणली. मामा विसरून गेला. घर अजून भोगतंय. एकास अठ्ठेचाळीस करणारेही लोक असतात, त्यांना साडू "मोठ्या फ्लॅटवाले" म्हणतात.

हा अपूर्णांक डोक्यात शिरला की माणूस समाजात वावरायच्या लायकीचा राहत नाही. एका दिवाळीत सोसायटीने साडूंना किल्ला स्पर्धेचं परीक्षक नेमलं. पोरांनी माती आणली होती, गोणपाट आणलं होतं, अळीव पेरून हिरवळ उगवली होती. साडू खिशातून टेप घेऊन खाली उतरले. त्यांचा शेरा पुढे कित्येक दिवस नोटीस बोर्डावर होता: "साडेपाच फुटी मावळा इथे तीन इंची. म्हणजे प्रमाण एकास बावीस. या हिशेबाने दोन फुटी किल्ल्याची उंची ४४ फूट, म्हणजे चार मजली इमारत. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट आहे. मातीचा ढीग जवळपास सव्वाशे फूट हवा." सोसायटीची इमारत सात मजली आहे. बक्षीस त्यांनी एकाच किल्ल्याला दिलं. त्या किल्ल्यावर मावळेच नव्हते. त्या पोरांचे आदल्या वर्षी फुटले होते.

कामाची जागा म्हणजे आमच्या मेहुणीबाईंचं शिलाई मशीन जिथे होतं ते टेबल. मशीन कधी गेलं ते कुणाला आठवत नाही. टेबलावर दात कोरायच्या काड्या, कपड्यांचे चिमटे, उदबत्तीच्या उरलेल्या काड्या, नखं घासायच्या कानशी आणि इंजेक्शनच्या सुया. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला हे डॉक्टर आहेत की रोगी, ते अजून ठरवता आलेलं नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात तर याहून वाईट. चंदेरी रंगावर हेअर स्प्रे मारायचा, त्यावर हिरवा रंग द्यायचा आणि ओल्या ब्रशने हलकेच घासलं की हिरवा रंग कपच्या उडाल्यासारखा निघून खालचा पत्रा दिसतो. युक्ती नामी आहे. पण साडूंना पुरतं टक्कल आहे. त्यांनी हेअर स्प्रे मागितल्यावर काउंटरवरची मुलगी आधी त्यांच्या डोक्याकडे बघते, मग करुणेने खाली बघते.

चिकटवायचं द्रव्य हे तर एक प्रकरणच आहे. तामिया कंपनीच्या हिरव्या टोपणाच्या बाटलीत पाण्यासारखं काहीतरी असतं. दोन भाग जोडून धरायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा. ते आपोआप फटभर पळत जातं, दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवतं आणि त्या एकमेकींत मुरतात. साडूंच्या मते हा गोंद नव्हेच, हा विवाहसंस्कार. काही जोडांना मात्र साधा सुपरग्लू लागतो आणि तो विमानापेक्षा बोटांवर प्रेम करतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात साडू हयातीचा दाखला द्यायला गेले. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. दुसरा ठेवला. तोही नाही. साडू समोर धडधाकट उभे असूनही ते हयात नाहीत, असं यंत्राचं मत पडलं. दोन अंगठ्यांवर मिळून एका सुखोईचे दोन पंख बसवले होते.

रंग एअरब्रशने मारायचा. त्यासाठी तो पातळ किती करायचा, यावर जगभरच्या मॉडेलवाल्यांचं एकमत आहे: दुधाइतका. हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याने दूध म्हशीचं की गायीचं ते सांगितलं नाही. साडूंनी दोन्ही ग्लासात ओतून बघितलं. "आपल्या गवळ्याचं कसंय?" मी विचारलं. म्हणाले, "ते थेट थिनर म्हणून चालेल."

आपल्या हवेत या लोकांचं एक व्रतही असतं. पावसाळी दमट हवेत वॉर्निश मारलं तर त्यावर पांढुरका धूर साचल्यासारखा थर येतो आणि तीन महिन्यांची मेहनत मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. म्हणून आषाढीपासून वॉर्निश बंद. मेहुणीबाई चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, साडू वॉर्निश सोडतात. कार्तिकी झाली की एकीकडे कांदाभजी तळली जातात आणि दुसरीकडे कॉम्प्रेसर घुरघुरायला लागतो.

या छंदातलं खरं संकट मात्र फरशीवर असतं. चिमट्यात धरलेला तांदळाच्या कणीएवढा भाग "टिक्" करतो आणि उडतो. (कपाटातलं काही उडत नाही, हे तेवढं उडतं.) साडूंच्या घरी मोझॅइकची फरशी आहे. ज्याने काळ्या, करड्या, तपकिरी ठिपक्यांची ही फरशी शोधली, त्याला लपवाछपवीची कला कुठल्याही हवाई दलापेक्षा जास्त कळत होती. साडू मग टॉर्च आडवा धरून पालथे पडतात. अशा वेळी बेल वाजवून आलेल्या किमान दोन कुरियरवाल्यांनी शेजाऱ्यांना बोलावलेलं आहे. शेवटी कामवाल्या मावशींनीच तोड काढली. केर काढताना जे जे बारीक सापडेल ते त्या एका वाटीत टाकतात. वाटीला नाव आहे: "काकांचं". त्यात मसुराची डाळ असते, कानातल्याची फिरकी असते, उदबत्तीची राख असते आणि कधीमधी १९४० सालच्या हरिकेन विमानाचा आरसा असतो.

माळ्याबद्दल फार बोलायला नको. न उघडलेली ८३ खोकी आहेत. साडू वर्षाला दोन विमानं पुरी करतात आणि आता ६३ वर्षांचे आहेत. हिशेब सोपा आहे. आणखी एकही खोकं आणलं नाही, तर वयाच्या एकशेपाचव्या वर्षी माळा मोकळा होईल आणि मेहुणीबाईंना लोणच्याच्या बरण्या ठेवता येतील. साडू परवाच आणखी एक घेऊन आले. शतायुषी व्हा, असं त्यांना म्हणायची माझी हिंमत होत नाही. कमी पडेल.

साडू राहतात पुण्यात, विमाननगरला. हा निव्वळ योगायोग आहे असं ते म्हणतात. लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उडालं की सगळी इमारत कानावर हात ठेवते. साडू बाल्कनीत येऊन कपाळावर हात धरतात, ते दिसेनासं होईपर्यंत बघतात आणि आत येऊन सांगतात, "रंग बरोबर मारलाय त्यांनी."

२०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली आलेलं विमान. पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात आपल्याच माणसांनी बांधलेलं. त्या संध्याकाळी साडूंनी माळ्यावरून एक खोकं काढलं. करायचं होतं बांगलादेश युद्धातलं, १९७१ च्या डिसेंबरातलं मिग. एफएल जातीचं, अंगात तोफ नसलेलं. याच विमानांनी ढाक्याची धावपट्टी फोडली आणि १४ डिसेंबरला तिथल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली. मुळात ही विमानं चंदेरी. लढाईच्या धामधुमीत त्यांच्यावर हिरवे-मातकट पट्टे ओढले, तेही जागच्या जागी, ज्याचे त्याने. म्हणजे नक्की कुठला हिरवा? या प्रश्नाने साडूंनी ऑक्टोबर काढला. टाकाऊ प्लास्टिकवर हिरव्याच्या अकरा छटा मारून त्या बाल्कनीत वाळत घातल्या. मला बोलावून विचारलं. मला त्यातल्या नऊ एकच दिसल्या. तेव्हापासून साडू माझ्याशी हवापाण्याबद्दलच बोलतात.

या विमानाला नाकासमोर एक लांब दांडी असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब त्यातून घेऊन वेग मोजतात. मॉडेलात तिचं काम एवढंच की साडूंच्या जाळीच्या बनियनला अडकून मोडायचं. तीन वेळा मोडली. चौथ्यांदा त्यांनी इंजेक्शनची सुई बसवली, तेव्हापासून बनियन फाटतं.

आणि मग सुरू झाला या कलेतला परमोच्च भाग, म्हणजे नवंकोरं विमान जुनं करणं. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळा रंग मुरवायचा, झाकणांखाली तेलाचे ओघळ काढायचे, शेपटीकडे काजळी धरवायची, वैमानिक जिथे पाय ठेवून चढतो तिथला रंग झिजवायचा. यात साडेतीन आठवडे गेले. "धूळच हवी होती तर खिडकी उघडी ठेवायची," मेहुणीबाई म्हणाल्या. त्यांच्या संसारात टेबल पुसायला तीस वर्षांत ज्यांनी फडकं उचललं नाही, ते गृहस्थ तीन केसांच्या ब्रशने डाग घालत होते. पण खरं सांगतो, काम असं उतरलं होतं की हात लावला तर बोट काळं होईल असं वाटावं. खाली लाकडी पाटी बसवली: "मिग-२१ एफएल, डिसेंबर १९७१."

जानेवारीत त्यांच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, हवाई दलात विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलेलं, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. आले होते पाण्याच्या टाकीच्या वर्गणीसाठी. कपाटासमोर थांबले. त्यांनी "उडतात का" विचारलं नाही. साडूंनी किल्ली काढली. त्या घरात एवढा मान मी जावयालाही मिळालेला पाहिलेला नाही.

काकांनी चष्मा वर करून मिग डोळ्यांजवळ नेलं.

"हिरवा कुठला हा?"

साडूंनी घसा साफ केला. ऑक्टोबर महिना सविस्तर सांगितला. अकरा छटा सांगितल्या.

"अहो, स्टोअरमध्ये जो डबा होता तो मारला," काका म्हणाले. "रात्रीचं. ब्लॅकआउटमध्ये."

साडू खाली बसले.

"आणि हे काय ओघळलंय?"

"तेल," साडू क्षीण आवाजात म्हणाले. "आणि ती काजळी."

काकांनी विमान हळूच जागेवर ठेवलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. "माझ्या हाताखालचं विमान असं कुणी बघितलं असतं, तर माझी खैर नव्हती. रोज पहाटे फडक्याने पुसायचो आम्ही. पोटाखाली उताणं पडून." वर्गणीची पावती फाडून ते गेले. चहा तसाच राहिला.

रात्री मेहुणीबाईंचा आमच्याकडे फोन. साडू जेवले नव्हते. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि थिनर घेऊन टेबलाशी बसले होते, पण काडी विमानाला लावत नव्हते. नुसते बसले होते. "तुम्ही या रविवारी," त्या म्हणाल्या, "तुमचं काही ऐकतील." हे खरं नव्हतं, पण मी गेलो.

मिग कपाटात होतं. डाग होते तसे होते, एकही ओघळ पुसलेला नव्हता. बदलली होती ती फक्त पाटी. "डिसेंबर १९७१" च्या पुढे, त्याच तीन केसांच्या ब्रशने, एक शब्द वाढला होता: "सायंकाळ."

मी काही बोलणार एवढ्यात बेल वाजली. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला एक तरुण मुलगा आला होता. पिशवी खाली ठेवताना त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं.

"हे उडतं का हो काका?"

साडूंनी मिगकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आत्ताच उतरलंय," ते म्हणाले.