डॉक्टरांच्या गाण्याची लाइन

"काकू, गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे कसला हो खडखडाट चालला होता? दिवाळीला तर रंग काढलाय त्यांनी."

"झिऱ्या मारत होते भिंतीत. नवा अॅम्प्लिफायर आलाय, दोघांनी उचलून आत नेला. त्याला डीबीपासून, म्हणजे घरच्या मुख्य बोर्डापासून, थेट स्वतंत्र लाइन हवी म्हणे."

"गाण्याला वेगळी वीज? ऐकावं ते नवलच!"

"वीज तीच हो, २३० व्होल्टची. वाट वेगळी. आमच्या ह्यांचा जन्म वायरिंगच्या कामात गेला, ऐकून ऐकून मलाही कळायला लागलंय. डॉक्टरांच्या हॉलमध्ये एकाच सर्किटवर फ्रीज, पंखे, डिमरचे दिवे, सगळंच. फ्रीजचा कॉम्प्रेसर लागला की स्पीकरमधून 'टक्'! म्हणून आता एमसीबी निराळा, न्यूट्रलसुद्धा निराळी, आणि चार एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठे जोड नाही."

"गीझर आहे की गाणं?"

"हजार वॅट ओढले तरी साडेचार अँपिअरच्या आतच. अडीचची वायर पुष्कळ होती, हे म्हणालेही. पण भिंत फोडलीच आहे तर जाड टाका, लांबवर व्होल्टेज कमी पडत नाही. एमसीबी मात्र सी कर्व्हचा घ्यायला लावला. आतला मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना असा हिसका देतो, की बी कर्व्हचा उगीचच पडतो."

"मग झालं का मनासारखं?"

"'टक्' गेलं, पण घुंऽऽ तसंच! डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी ह्यांनी टीव्हीची केबल काढली, आणि आवाज बंद. केबलची अर्थ एकीकडची, घराची दुसरीकडची, त्यांतून ५० हर्ट्झचा करंट फिरत होता. नवी वायर त्याला काय करणार? केबलला आयसोलेटर लावला, मिटलं. दुकानदार तर म्हणत होता, प्लगची तिसरी पिनच काढून टाका!"

"अगं बाई! आणि शॉक बसला तर?"

"तेच तर. पत्र्याचा डबा आहे तो अॅम्प्लिफायर! आणखी एका शहाण्यानं सुचवलं, अंगणात गाण्यापुरता अर्थिंगचा सुटा खड्डा घ्या. हे जाम भडकले. खड्डा घ्या हवा तर, पण घरच्या अर्थिंगला जोडूनच. सुटा ठेवला तर बिघाड झाल्यावर मातीतून एवढा करंटच वाहत नाही, की एमसीबी पडावा."

"खर्च बराच आला असेल?"

"भिंतीतल्या वायरला घासाघीस केली, आणि बाहेरची दीड मीटरची कॉर्ड आणली पंचवीस हजारांची. डॉक्टरीणबाईंना हजार सांगितलेत, तुम्ही बोलू नका हं. मला विचाराल तर ती कॉर्ड निव्वळ हौस. फरक पडला तो लाइननं आणि त्या आयसोलेटरनं."

"आमचा धाकटाही स्पीकर बघतोय..."

"मग तुमचा वरचा मजला बांधताय ना, त्याचं प्लास्टर व्हायच्या आत हॉलच्या भिंतीतून डीबीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्यायला सांगा त्याला. आणि काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, दुकानदाराच्या पोऱ्याकडून नको."