माणशी चार

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर अण्णा राहतात. मराठी घरं त्यांना अण्णा म्हणतात, तेलुगू घरंही अण्णाच म्हणतात. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर येतं. सगळी हयात स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये गेली. 2017 साली ती बँक मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा “बँक विलीन झाली, मी नाही” असं त्यांनी जाहीर केलं. निवृत्त माणसं देवाकडे वळतात, शेअर बाजाराकडे वळतात, फारच रिकामी असली तर सोसायटीच्या सेक्रेटरीपदाकडे वळतात. अण्णा ऑक्सिजनकडे वळले.

त्यांच्या घरी गेलं की “या, बसा” होत नाही. दारातच उभं करून ते “श्वास घ्या” म्हणतात. आपण घेतो. “काय वाटतं?” “हलकं वाटतं,” असं म्हणायचं असतं. एका पाहुण्याने “शेणखताचा वास येतोय” असं सांगितलं होतं. त्याला चहा मिळाला, पण उस्मानिया बिस्किटं मिळाली नाहीत.

बसायलाही जागा असतेच असं नाही. सोफ्याच्या एका हाताला पीस लिली, दुसऱ्याला स्पायडर प्लांट, मधल्या गादीवर नुकतीच फुटवे आलेली कुंडी, “तिला सध्या हलवायचं नाही.” टीव्हीपुढे फर्न आहे. त्यामुळे मॅच बघताना ऑफ साइडचे सगळे क्षेत्ररक्षक आपण अंदाजाने धरायचे.

हे वेड आलं कुठून, तर दिल्लीच्या एका उद्योजकाच्या 2009 सालच्या टेड भाषणातून. आपल्या इमारतीत झाडं लावून हवा सुधारल्याचं त्यांनी त्यात सांगितलं होतं आणि हिशेबही दिला होता: बैठकीच्या खोलीत माणशी खांद्याएवढे चार अरेका पाम, झोपायच्या खोलीत माणशी कंबरेएवढे सहा-आठ स्नेक प्लांट. साध्या माणसाने ऐकलं असतं आणि एक मनी प्लांट आणला असता. अण्णा बँकवाले. ‘माणशी’ हा शब्द कानावर पडताच त्यांनी घरातली माणसं मोजली. वहिनींचे आई-वडील आठ दिवस राहायला यायचे ठरले, तर अण्णा रिक्षाने आठ पाम घेऊन आले.

“अहो, ते झोपणार कुठे?”

“अगं, श्वास घेता आला तर झोपायचं ना?”

सासऱ्यांनी तिसऱ्या दिवशी नांदेडचं तिकीट काढलं.

अण्णांचं दुसरं दैवत म्हणजे नासा. “नासाने सांगितलंय” म्हटलं की वाद संपला. नासाचा प्रयोग खोटा नाही. 1989 साली वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या हवाबंद पेट्यांत झाडं ठेवली, आत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड सोडलं आणि ते कमी झालेलं मोजलं. अडचण एवढीच की पेटीत वहिनी नव्हत्या. अण्णांच्या घरात दिवसातून दोनदा मिरचीची फोडणी पडते, खिडक्यांच्या फटींतून काचीगुड्याचा धूर आत येतो आणि खालच्या घरातल्या बिर्याणीचा वासही. हवा इतकी ये-जा करते की झाडाच्या वाट्याला फारसं काम उरत नाही. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हेही खरंच, पण ते घेतं आपल्या भुकेपुरतं, आपल्यासाठी नाही.

हे त्यांना समजावण्याचा एक प्रयत्न झाला होता. त्यांची भाची रसायनशास्त्रात पीएचडी करते. तिने एका रविवारी अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2019 साली घेतलेला आढावा समोर ठेवला. “मामा, जुने प्रयोग एकत्र करून त्यांनी हिशेब केलाय. घरात नेहमी जी हवा खेळते, तिच्याइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. म्हणजे तुमच्या झाडांनी हवेत फारसा फरक पडत नाही.”

अण्णा बराच वेळ गप्प बसले. आम्हाला वाटलं, आता फर्न टीव्हीपुढून हलणार. मग त्यांनी टेप आणला, हॉल मोजला, कॅल्क्युलेटर काढला. चौदा चौरस मीटर. “म्हणजे कमीत कमी एकशे चाळीस,” ते म्हणाले. “आपली आहेत बासष्ट. तरीच मला कधी कधी जड वाटतं. अगं ऐकलंस का, अठ्ठ्याहत्तरचा शॉर्टफॉल आहे!”

भाची त्या दिवसापासून मामाशी फक्त हवामानावर बोलते.

जानेवारीत नेकलेस रोडला पीपल्स प्लाझावर नर्सरी मेळा भरला, तेव्हा शॉर्टफॉल भरून काढायला मलाही सोबत नेलं. गोदावरीकाठच्या कडियमहून ट्रकच्या ट्रक झाडं आली होती. एका विक्रेत्याने झेडझेड प्लांट पुढे केलं. “ले जाव साब, मरताइच नै.” अण्णांचा चेहरा पडला. मरत नाही म्हणजे काळजी घ्यायची सोय नाही. त्यांनी शेजारचं, कडा करपलेलं कॅलेथिया उचललं आणि विक्रेत्यालाच त्याच्या पाण्याच्या वेळेवरून झापलं.

प्रत्येक झाडाचं अण्णांच्या लेजरमध्ये खातं आहे. खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, जमेला नवीन पान, नावे गळलेलं पान. पान पिवळं पडलं की शेरा ‘ओव्हरड्यू’. सलग तीन पानं गळली की ‘एनपीए’. राइट ऑफ मात्र सहजासहजी नाही. वाळलेली काठीसुद्धा दोन महिने “पुनर्रचनेत” असते. तांदळाचं धुवण, चहाचा धुतलेला चोथा, केळ्याची सालं यांवर पहिला हक्क लेजरचा. रविवारी सकाळी अण्णा जुन्या बनियनच्या ओल्या चिंधीने एकेक पान पुसतात, डावा हात खाली धरून, उजव्याने देठाकडून टोकाकडे. बँकेत नोटा मोजायचे तसंच पुटपुटतात. तेवढा तासभर ते कुणालाच काही सांगत नाहीत. वहिनी या तासाला ‘माझा ऑक्सिजन’ म्हणतात.

पावसाळ्यात महापालिकेचा माणूस तपासणीला आला. शोकेसमध्ये मनी प्लांटच्या अकरा बाटल्या ओळीने उभ्या. त्याने एक बाटली उजेडात धरली आणि आतले वळवळणारे ठिपके अण्णांना दाखवले. ज्या सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला आणि जग ज्या तारखेला डास दिन पाळतं, त्याच्या जुळ्या शहरात अण्णा आरोग्यासाठी डेंग्यूच्या डासांची पैदास करत होते. आठवड्याभरात अंड्याचा डास होतो, पाणी दर चार-पाच दिवसांनी ओता, असं तो माणूस सांगत राहिला. अण्णांनी मान डोलावली आणि विचारलं, “पण मुळं पाहिलीत का? कसली पांढरीशुभ्र आहेत!” जाताना त्याच्या हातात एक फांदी होती.

फांद्या वाटणं हा त्यांचा खरा व्यवहार. तिसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू आजींनी दहा वर्षांत आमच्यापैकी कुणाला “बागुन्नारा?” विचारलं नव्हतं. आता फांदी खाली जाते आणि पुलिहोऱ्याचा डबा वर येतो. एकदा मी वहिनींना सहज सांगितलं की डायफेनबॅकियाचं पान चावलं तर जीभ सुजते, काही वेळ बोलताच येत नाही. तेव्हापासून त्या कुंडीला त्या जातीने पाणी घालतात.

सेक्रेटरीने लिफ्टमधून माती न्यायला बंदी केली आहे. त्यामुळे सत्तरीतले अण्णा खताची पिशवी खांद्यावर टाकून दिवसातून दोन-तीनदा चार मजले चढतात. सकाळचं ऊन कुंड्यांना लागतं का, ते बघत तासभर गच्चीवर उभे असतात. पूर्वी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं तर “वेळ कुठाय” म्हणायचे. अजूनही तेच म्हणतात. परवा रक्तदाब मोजला तर डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला. गोळी अर्ध्यावर आली.

“बघा, ऑक्सिजन!” अण्णा म्हणाले.

“जिने,” वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी ऐकलंच नाही, कारण त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या टेबलावर एसीच्या झोताखाली माना टाकलेल्या मनी प्लांटकडे गेलं होतं. ते खुर्चीवरून उठले, दोन बोटं मातीत घातली, पान उलटून पाहिलं. मग डॉक्टरांचंच पॅड ओढून लिहून दिलं: पाणी आठवड्यातून एकदा, सकाळचं ऊन, एसी पूर्ण बंद. आठ दिवसांनी दाखवणे.