हत्ती दारात, बैठक ओसरीवर

कुंभकोणम् हे गावच मुळात एका स्थलांतरातून जन्मलं, असं त्याचं स्थलपुराण सांगतं. प्रलय येणार हे कळल्यावर ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजं आणि अमृत एका कुंभात भरलं. पाणी चढलं तसा तो कुंभ तरंगत दक्षिणेला आला, एका जागी टेकला आणि शिवाने बाण मारून तो फोडला. ते हे गाव. या पौराणिक आपत्ती व्यवस्थापनात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. कुंभ पाणी यायच्या आधी भरला होता. आणि त्यात बीजं व अमृत एवढंच होतं. लोखंडी कपाट, लग्नातली पितळी भांडी आणि ‘एवढं सगळं टाकून जायचं कसं’ हा सवाल त्यात नव्हता. त्याच कुंभाच्या गावात, कावेरीकाठच्या मेलकावेरीत, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की ओसरीवर बैठक बसते. विषय एकच: जायचं की राहायचं? ही बैठक बहुधा वादळापेक्षा जास्त टिकते.

नोव्हेंबर २०१८ मधलं ‘गज’ घ्या. नाव श्रीलंकेने सुचवलेलं, अर्थ हत्ती. सुरुवातीच्या अंदाजात या हत्तीचं तोंड उत्तर तमिळनाडूकडे होतं, मग कडलूर ते पांबन असा पट्टा सांगितला गेला, आणि १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तो नागपट्टिणम आणि वेदारण्यम् यांच्या दरम्यान ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या वाऱ्याने किनाऱ्यावर चढला. अंदाज दर वेळी सरकला की ओसरीला आनंद होतो. ‘त्यांनाच माहीत नाही कुठे येणार, आपण कशाला हलायचं?’ युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण वेधशाळा पट्टा सांगते, घर नंबर सांगत नाही. वादळ जवळ येतं तसा पट्टा अरुंद होत जातो आणि तो पुरेसा अरुंद होईपर्यंत बस बंद झालेल्या असतात. ज्याला खात्री हवी आहे त्याला ती मिळते. फक्त तिचा उपयोग करण्याची वेळ निघून गेलेली असते.

बरं, मेलकावेरीने जायचं तरी कशापासून? इथून समुद्र सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर आहे. चक्रीवादळात माणसं घाऊक मरतात ती उधाणाच्या पाण्याने. १९६४ च्या डिसेंबरात धनुष्कोडीला लाटांनी पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गिळली, ती पाण्याची करणी. १९९९ साली ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यांतही पाण्याचाच वाटा मोठा. म्हणून वेदारण्यम् किंवा नागपट्टिणमच्या कोळीवाड्याला जायचं की राहायचं हा प्रश्नच पडता कामा नये, तिथे निघायचंच. मेलकावेरीपर्यंत समुद्र येत नाही. इथे येतो तो वारा, आणि पाऊस फारच झाला तर नदी-कालव्यांचं पाणी. तेव्हा गाडीत सामान कोंबून रात्रीबेरात्री झाडांच्या रांगांमधून तिरुच्चिरापळ्ळीची वाट धरणारा शहाणा नव्हे. इथे गाव सोडायचं नसतं, छप्पर सोडायचं असतं. कौलं, पत्रा किंवा झावळ्यांखालून उठून, चार घरं पलीकडे का होईना, स्लॅबखाली जाऊन एक रात्र बसायचं. सगळा निर्णय एवढाच आहे आणि नेमका तोच होत नाही.

कारण प्रतिष्ठा. चेन्नईला मुलाकडे जाणं हा दौरा असतो. गल्लीतल्या शाळेत सतरंजीवर जाऊन झोपणं हा कमीपणा. वास्तविक इथल्या मराठी घराण्यांना गाव सोडण्याचं वावडं कधीच नव्हतं. एकोजीराजे तंजावरला आले तेव्हा पूर्वज सह्याद्री सोडूनच आले. याच कुंभकोणम्‌मध्ये १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. नोकरीसाठी तीन संस्थानं पालथी घालता येतात, मात्र जीव वाचवण्यासाठी शेजारच्या गच्चीच्या घरात एक रात्र काढायची म्हटलं की पूर्वजांची वास्तू आठवते.

त्या वास्तूचं छप्पर जरा जवळून पाहा. सांधे सैल झालेले वासे, त्यांवर पाठीला पाठ लावून निजलेली कौलं, पडवीवर मागाहून टाकलेला सिमेंटचा पत्रा, तो उडू नये म्हणून वर ठेवलेल्या चार विटा आणि एक फुटका पाटा. या सरंजामाचा पाया असा, की वारा छप्पर वरून दाबतो. तो दाबत नाही, उचलतो. वळचणीचं पहिलं कौल सुटलं की वारा आत शिरतो आणि उरलेलं छप्पर आतून ढकलतो. मग पत्रा उडतोच, वर विटाही उडतात. म्हणजे बंदोबस्तानेच दारूगोळा पुरवला. शिवाय वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. साठच्या वाऱ्यात टिकलेलं घर एकशेवीसच्या वाऱ्यात टिकेल, हे गणित श्रीनिवास रामानुजन यांच्या गावात तरी कुणी मांडू नये. कोकणाने याचा पुरावा ३ जून २०२० ला ‘निसर्ग’च्या वेळी दिला आहे. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किती घरं उघडी पडली आणि नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, हे वाचकांना सांगायला नको.

ओसरीचा पुढचा आक्षेप अनुभवाचा असतो. ‘१९५२ चं वादळ या घराने पाहिलं, १९७७ चंही पाहिलं, काही झालं नाही.’ खरं आहे. पण ज्यांच्या घरांना काही झालं ते या ओसरीवर बोलायला बसलेले नाहीत. त्यांना ओसरीच उरली नाही. साक्षीला फक्त वाचलेले आले तर निकाल वादळाच्या बाजूनेच लागणार. त्याचंच जुळं भावंड म्हणजे ‘गेल्या वेळी उगाच घाबरवलं’. ओडिशात २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांवर माणसं आधी हलवली होती आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. यशस्वी स्थलांतराची हीच पंचाईत आहे: ते जितकं चोख होतं तितकं नंतर फुकट गेल्यासारखं दिसतं. गजाचा मुख्य तडाखा दक्षिणेकडे पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, वेदारण्यम् भागाला बसला आणि ओसऱ्यांवर म्हटलं गेलं, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ हत्ती साठ-सत्तर किलोमीटरवरून गेला आणि श्रेय बैठकीला मिळालं.

चोरीची भीती हा आक्षेप फारसा टिकत नाही. पत्रे उडवणाऱ्या वाऱ्यात चोरालाही आपलं घर असतं. गुरांबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि त्यावर उपाय दावं सोडण्याचा आहे, त्यांच्यासोबत गोठ्यात बसण्याचा नाही. खरा आक्षेप एकच, आणि तो ओसरीवर कुणी मोठ्याने बोलत नाही: निवाऱ्यातलं शौचालय. तीनशे माणसांना दोन, त्यातलं एक कुलूपबंद, अशी सोय असेल तर घरातली वयस्क बाई ‘मी इथेच बरी’ म्हणते आणि तिच्यामुळे सगळं घर थांबतं. इथे दोष तिचा नाही. वाळूच्या पोत्यांचा आकडा पत्रकारांना तोंडपाठ सांगणाऱ्या प्रशासनाने कधी शौचालयांचा आकडाही सांगून पाहावा. अर्धा तंटा जागीच मिटेल.

आणि ज्यांना राहायचंच आहे, त्यांनी नेमकं किती राहायचं याचाही हिशोब करावा. ओसरीच्या समजुतीप्रमाणे वादळ अंगावर घेणं म्हणजे एक रात्र काढणं. गजाने तमिळनाडूत विजेचे एक लाखाहून जास्त खांब पाडले; कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. हत्ती गेला, शेपूट राहिलं, ते असं. वीज नाही म्हणजे मोटर नाही, मोटर नाही म्हणजे बोअरचं पाणी नाही, आणि फोन मेलेला, म्हणजे चेन्नईच्या मुलाला आपण जिवंत आहोत हे सांगायची सोय नाही. डिग्री कॉफीचं दूध तर पहिल्याच दिवशी संपतं. तेव्हा बैठकीने ‘राहायचं’ असा ठराव करताना पंधरा दिवसांचं पाणी, धान्य, औषधं आणि स्लॅबखालची एक खोली त्याच ठरावात नोंदवावी. नाही तर त्याला ठराव न म्हणता आळस म्हणावं.

ईशान्येचा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. छपरावर कललेला नारळ त्याआधी उतरवून घ्या. वादळाच्या आदल्या दिवशी झाडावर चढणारा माणूस मिळत नाही.